दहाला न येणाऱ्या गावंडे मॅडम

मी संशोधन केंद्रात रुजू व्हायला गेले, तेव्हा फाटकातून मी आत शिरत होते आणि एक बाई बाहेर पडत होत्या. जेवणाची सुट्टीसुद्धा अजून व्हायची होती. डोक्यावर मोठ्या काठाची गवती टोपी, साडीवर पुरुषी पांढरा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि बुटांवर ओली काळी माती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू मातीवाली ना वं? नवीन येणार होती थे?"

"हो. मृदाशास्त्र."

"बरं झालं. इथल्या मातीले कोणी वालीच नव्हता. जा, साहेब हाय आत. मी गावंडे, कीटकशास्त्र. माह्यं आजचं झालं, मी घरी चालली."

एवढं बोलून त्या स्कूटीवर बसल्या आणि बुलडाण्याच्या दिशेनं गेल्यासुद्धा. शास्त्रज्ञ म्हणून माझा पहिला दिवस सुरू व्हायचा होता, आणि मला भेटलेल्या पहिल्या शास्त्रज्ञाचा दिवस संपला होता.

आमचं केंद्र बुलडाण्याहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका लांबट उतारावर आहे. कचेरीची वेळ सगळीकडे असते तीच, दहाची. गावंडे मॅडमची वेळ मात्र कुणाला सांगता यायची नाही. आस्थापनेचं काम पाहणारे खेडेकर बाबू त्यांचा विषय निघाला की चष्मा कपाळावर चढवायचे. म्हणायचे, "त्याईचं पाहुण्यासारखं हाय. आल्या तर आल्या, गेल्या तर गेल्या. वरून म्हणतात मी काम करून राह्यली." नव्या माणसाला असं कुणी सांगितलं की ते पटतंच. मलाही पटलं.

मग एकदा मातीचे नमुने ऊन चढायच्या आत घ्यायचे म्हणून मी भल्या सकाळी शेतावर गेले. कांद्याच्या पट्ट्यात गवती टोपी दिसली. मॅडम बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, शेजारी थर्मास आडवा पडलेला, म्हणजे रिकामा. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला, वाहतूक पोलीस करतो तसा. मी थांबले. त्यांचे ओठ हलत होते, नजर समोरच्या पांढऱ्या गोंड्यांवर होती. बऱ्याच वेळानं पंजा खाली आला.

"हं, आता बोल."

आमच्या भागात पुष्कळ शेतकरी कांदा खाण्यासाठी नाही, बियाण्यासाठी लावतात. लावलेल्या कांद्यातून हिरवा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला शेकडो बारीक फुलांचा पांढरा गोळा धरतो, तो गोंडा. मधमाशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर गेली तर त्यात काळं बी भरतं. माशी आली नाही, तर गोंडा नुसता दिसायला देखणा. मॅडमचं सगळं संशोधन एवढ्याच गोष्टीवर होतं. माशी कधी येते, कधी जाते आणि का येत नाही.

"कधीपासून बसल्यात?" मी विचारलं.

"अंगावर शाल होती तवापासून. आता फेब्रुवारी हाय ना, माशी आळशी असते. ऊन पडून पंख गरम झाल्याबिगर घराबाहेर निघत नाही. पण ती निघायच्या आधी कोणतं फूल उमललं थे मले माहीत पाह्यजे. मार्च सरता सरता पाह्य, तांबडं फुटलं की हजर. अन् दुपार तापली की गायब. मंग संध्याकाळी आखीन एक फेरी."

"म्हणजे तुमची कामाची वेळ सारखी बदलते."

"माह्यी नाही वं. तिची बदलते. मी आपली तिच्या मागं."

त्यानंतर खेडेकर बाबूंनी कपाळावर चष्मा चढवला की मी उठून पाणी प्यायला जात असे.

मॅडमच्या सवयी सगळ्या या माशीनं लावलेल्या होत्या. फुलोऱ्याच्या दिवसांत केसांना वासाचं तेल नाही, अंगाला पावडर नाही, हळदीकुंकवात कुणी गजरा दिला तर तो पर्समध्ये. "माशीची गफलत व्हायले नको, फूल कोणतं अन् बाई कोणती." रात्री लवकर झोपायच्या, म्हणून संध्याकाळच्या लग्नांना जायच्याच नाहीत. पण आमंत्रण चुकवायच्या नाहीत. सकाळीच मांडवात हजर व्हायच्या, मंडपवाल्यांबरोबर चहा प्यायच्या, आचाऱ्याच्या कढईतली पहिली बुंदी खायच्या, नवरीच्या हातात आहेर ठेवायच्या आणि परत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्या आल्या तेव्हा नवरी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती. बहीण अजून सांगते, की माझ्या लग्नाला सगळ्यांत आधी आलेली बाई मी फोटोत शोधते, ती कुठंच नाही.

त्यांची दोन वाक्यं केंद्रात सगळ्यांना पाठ होती. कुणी काम आटोपून उगाच खुर्चीत घड्याळाकडे बघत बसलेला दिसला की, "झालं ना काम? मंग घरी काऊन नाही जात?" आणि कुणी अर्धवट टाकून पिशवी उचलली की, "नाही झालं ना? मंग घरी काऊन चालला?" दोन्ही वाक्यं त्या एकाच सुरात म्हणायच्या. रागावलेल्या नसायच्या. खरंच कुतूहल असल्यासारख्या विचारायच्या, त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड व्हायचं.

बोलायच्या अस्सल वऱ्हाडी. घरात, शेतात, आणि बैठकीतही. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी आपल्या कामाची मांडणी केली. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, तोंडातली भाषा आमची. मागच्या ओळीत दोघं-तिघं गालात हसले. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हसा बापा, हसायले काय लागते. पण कळलं ना?" कळलं होतं. नंतर चहाच्या वेळी त्याच दोघा-तिघांनी त्यांना गराडा घातला होता.

त्यांचे यजमान प्रकाशराव एसटीत चालक. त्यांची ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची. त्यामुळे त्या घरात कुणी कुणाला "इतक्या लवकर कुठं?" असं विचारत नसे. प्रकाशराव पहाटेच्या गाडीला निघायचे, मॅडम शेताला, आणि दोघांचा चहा अंगणात उभ्या उभ्या व्हायचा. त्या म्हणायच्या, "आमचा संसार बस स्टँडवर झाला म्हण ना. एक येऊन राह्यला, एक जाऊन राह्यला." आणि हसायच्या. तक्रार म्हणून हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

घरात तिसरे होते अण्णा, त्यांचे सासरे. निवृत्त प्राथमिक शिक्षक, शिडशिडीत, आवाज मात्र अजून चौथीच्या वर्गापुरता मोठा. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दुपारी बुलडाण्यातल्या दवाखान्यात डायलिसिस. प्रकाशरावांच्या ड्युटीचा नेम नाही, म्हणून अण्णांना न्यायचं मॅडमकडे होतं. सकाळचं काम उरकून त्या दुपारी घरी जायच्या ते यासाठी. अण्णा यंत्राला जोडलेले असायचे आणि सूनबाई शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन सकाळचे आकडे भरत असायच्या. त्यांचं निम्मंअधिक लेखन त्या खोलीत झालं.

मी एकदा कामाचे कागद द्यायला तिथं गेले होते. मॅडम शेतकऱ्यांसाठी एक पत्रक तयार करत होत्या आणि अण्णांना वाचून दाखवत होत्या.

"'फुलोऱ्यात फवारा मारू नका. मारनंच पडलं तर दिवस बुडाल्यावर मारा.'"

"'मारनं' नाही, 'मारणं'. बाणातला ण," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "अन् सूनबाई, 'दिवस बुडाल्यावर' काय? 'सूर्यास्तानंतर' लिही."

"सूर्यास्तानंतर लिहिलं तर शेतकरी म्हणतीन, मॅडमनं पूजा सांगतली."

आजूबाजूच्या खाटांवरचे लोक हसले. अण्णाही हसले, पण हरले नाहीत. "बरं, दिवस बुडू दे. पण ण बाणातलाच पाह्यजे."

पत्रक छापून आलं ते तसंच. दिवस बुडाला होता आणि ण बाणातला होता.

त्या पत्रकामागं बरीच खटपट होती. धाडच्या पलीकडच्या एका गावातल्या शेतकऱ्यांचं बी दोन हंगाम नीट भरलं नव्हतं. रोग नाही, पाणी कमी नाही, तरी गोंडे पोकळ. मॅडमनी तिथं जाऊन आठवडाभर नुसतं बसून काढलं. त्यांच्या लक्षात आलं, की लोक फुलकिड्यांसाठी सकाळी फवारतात, नेमकी माशी फुलावर असते तेव्हा. किडे मरतात आणि माशाही. त्या गावातले भास्करराव म्हणून मोठे बियाणेवाले शेतकरी होते, त्यांना त्यांनी सांगितलं, "औषध नका बदलू. वेळ बदला."

भास्कररावांनी हात जोडले. "मॅडम, मजूर सकाळी येते. संध्याकाळी कोण येईल? त्याईले घरी जायचं असते."

"मंग मजुराईले दुपारी बोलवा ना. दुपारी या, दिवस बुडल्यावर फवारा, सकाळी घरी राहा. विचारून तर पाहा."

भास्कररावांना ते पटलं नाही. मॅडम स्वतः जाऊन फवारणी करणाऱ्या माणसांशी बोलल्या. ती माणसं म्हणाली, सकाळी आमची स्वतःची शेतं राहतात, आम्हाला तर संध्याकाळच बरी. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अखेर ठरलं, की पुढच्या हंगामात अर्ध्या गावानं फवारणी दिवस मावळल्यावर करायची, उरलेल्यांनी नेहमीसारखी, आणि मॅडमनी दोन्हीकडच्या माशा मोजायच्या. त्यांच्या आजवरच्या कामातली ही सगळ्यांत मोठी तपासणी होती.

नेमका तो हंगाम तोंडावर आला आणि केंद्राला नवे प्रमुख आले. वैद्य सर. पाठोपाठ भिंतीवर अंगठ्याचं यंत्र आलं.

वैद्य सर वाईट नव्हते, हे आधी सांगते. नेमस्त, नीटनेटके, टेबलावरची पेन्सिलसुद्धा कडेला समांतर ठेवणारे. आधीच्या ठिकाणी कुणाच्या तरी गैरहजेरीवरून त्यांना फार ऐकून घ्यावं लागलं होतं, असं म्हणायचे. तेव्हापासून त्यांचा एकच नियम. दहाला अंगठा, सायंकाळी सुटताना अंगठा, मध्ये जागेवर. शेतावर जायचं तर विचारून.

सगळ्यांना वाटलं, गावंडे मॅडम आता भांडणार. त्या भांडल्या नाहीत. "मोठा माणूस हाय, नवीन हाय, पाहू," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला आल्या. त्यांनी अंगठा लावला आणि आमच्या ओळीतल्या खुर्चीत बसल्या. त्यांना त्या खुर्चीत बसलेलं पाहणं फार विचित्र होतं. खिडकीतून शेत दिसायचं. त्या तिकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. काही दिवस पहाटे शेतावर, दहाला कचेरीत, संध्याकाळी सुटल्यावर पुन्हा भास्कररावांच्या गावाला, असं त्यांनी करून पाहिलं. अण्णांच्या दुपारींसाठी प्रकाशरावांनी ड्युट्या बदलून घेतल्या, पण ते किती दिवस चालणार? मग मॅडमच्या रजा सुरू झाल्या. मग रजाही संपत आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला दिसायला लागला. एक दिवस माझ्या प्रयोगशाळेत येऊन त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "वर्षा, आज भास्कररावाच्या शेतात पयली माशी कवा आली, मले माहीत नाही. मी इथं बसली होती. खुर्चीवर. अन् इथं मी काय केलं सांगू? काही नाही केलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पाहिलं. एकदाच.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या खोलीत गेल्या. मातीच्या तपासणीचे कागद सह्यांसाठी घेऊन मी तिथंच उभी होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"सर, एक दिवस माह्यासंगं शेतावर या."

"कशाला?"

"माशी दाखवते. सकाळी पयल्या माशीपासून शेवटल्या माशीपर्यंत. एकच दिवस. मंग तुम्ही म्हणसान तसं."

सरांनी पेन्सिल सरळ केली. बराच विचार केला. "एक दिवस," ते म्हणाले.

मार्च अर्धा सरला होता. सर आले, टोपी घालून, बाटली घेऊन. मलाही मॅडमनी ओढून नेलं. भास्कररावांच्या शेतात पांढऱ्या गोंड्यांचा समुद्र पसरला होता. नुकतं उजाडत होतं. मॅडमनी सरांना स्टूल दिलं, चौकोन आखून दिला आणि सांगितलं, या चौकोनात येईल ती माशी मोजायची, बोलायचं नाही. सर सुरुवातीला अवघडून बसले होते. मग पहिली माशी आली. मग चार, मग मोजता येईनात इतक्या. सरांचे ओठ हलायला लागले. मी त्यांना काही विचारायला गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघता पंजा वर केला. मॅडमनी मला डोळ्यानं खुणावलं.

कचेरी उघडायची वेळ झाली तेव्हा शेत गुणगुणत होतं. ऊन तापायला लागलं तशा माशा विरळ होत गेल्या, आणि दुपारपर्यंत शेत एकदम मुकं झालं. मॅडमनी टोपी काढली. "सर, आता मी अण्णाले घेऊन दवाखान्यात जाते. तुम्ही बसा पाह्यजे तर. ड्युटी अजून बाकी हाय."

सर म्हणाले, "बसतो." का म्हणाले कोण जाणे. कदाचित हट्टानं. बाभळीच्या सावलीत ते दुपारभर बसून राहिले. भास्कररावांच्या घरून भाकरी, ठेचा, कांदा आणि ताक आलं, ते त्यांनी खाल्लं. समोर काही घडत नव्हतं. एक फुलपाखरू आलं आणि गेलं. माझा डोळा लागला होता. मला जाग आली तेव्हा सर भास्कररावांना आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते, त्यांचे वडील करडई कशी काढायचे वगैरे. उन्हं कलली, मॅडम परत आल्या, आणि पाठोपाठ माशाही. सर स्टुलावर जाऊन बसले, कुणी न सांगता.

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "मॅडम, मी दुपारभर कामावर होतो आणि काम काहीच नव्हतं."

"हाव. मी महिनाभर तेच करून राह्यली ना सर."

सर हसले. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या सासऱ्यांची तब्येत आहे, प्रयोगही महत्त्वाचा आहे. मी वर बोलतो. तुमच्यापुरती विशेष बाब म्हणून वेळेची सवलत घेऊ."

मला वाटलं, जिंकलं. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. धाडचा बाजार उठत होता, भाजीवाल्या बाया टोपल्या उचलून जीपगाड्यांकडे निघाल्या होत्या. मग त्या सरांकडे वळल्या.

"नको सर."

"नको म्हणजे?"

"सासऱ्याच्या आजारपणावर नको. उद्या अण्णा नसले तर? माशा काय दहाले येतीन? अन् माह्या एकटीपुरती तर बिलकुल नको. आज मी लाडकी, उद्या मी कामचुकार. ही वर्षा हाय, तिले माती पहाटेची पाह्यजे. आपला प्रयोगशाळेतला माणूस हाय, त्याचं यंत्र दुपारी चार तास चालते तवा तो नुसता पाहत बसते. सगळ्याईचं करा. कामाचे तास पूर्ण मोजा, आठवड्याचे मोजा, पाह्यजे तर जास्त मोजा. फक्त कोणते, थे ज्याच्या त्याच्या कामाले ठरवू द्या."

सर म्हणाले, "मॅडम, एकासाठी मिळेल. सगळ्यांसाठी मागितलं तर एकालाही मिळणार नाही, असंही होईल."

"मंग नाही मिळणार. मी खुर्चीवर बसीन."

मला त्यांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. हातात आलेलं त्या सोडून देत होत्या. घरी प्रकाशरावांनाही आला असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते स्वतः केंद्रात येऊन मला म्हणाले, "तुमच्या मॅडमले समजावा थोडं." मग स्वतःच मान हलवून, "नाही समजत थे," म्हणून निघून गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते अभिमानाच्या जवळचं काहीतरी होतं.

वैद्य सर वरिष्ठांकडे गेले. एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. मधल्या काळात शेतावर जायची परवानगी त्यांनी मॅडमना रोजच्या रोज स्वतःच्या जबाबदारीवर दिली, म्हणून ती तपासणी वाचली. हंगाम सरला. दिवस मावळल्यावर फवारणाऱ्या, म्हणजे भास्कररावांच्या बाजूचे गोंडे झोडले तेव्हा काळ्याभोर बियांचा ढीग पडला. सकाळी फवारणाऱ्यांचा ढीग शेजारीच होता, तो बघायला कुणाला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. पुढच्या हंगामाआधी वरून होकार आला. केंद्रातल्या सगळ्यांसाठी, एक वर्षापुरता, करून पाहा म्हणून. ते एक वर्ष अजून चालू आहे.

यंत्र भिंतीवर राहिलं. ज्याला जेव्हा यायचं तेव्हा तो अंगठा लावायचा. सगळं गोड झालं असं नाही. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मोकळ्या वेळेचा अर्थ मोकळं राहणं असा घेतला. मॅडमनी त्यांना सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळी केला. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "भाऊ, तुम्ही कवा काम करता थे सांगा, मी तवा चहा घेऊन येते." चौथ्या फोनला गृहस्थ स्वतःच चहा घेऊन आले. आणि खेडेकर बाबू? ते आता सकाळी आठला येतात आणि लवकर निघतात, कारण संध्याकाळी भजनी मंडळात त्यांना पेटी वाजवायची असते. पेटी त्यांना येते हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

माझ्या मुलीच्या जन्मानंतर मी कामावर परतले तेव्हा अर्धा जीव घरी असायचा. एक दिवस मॅडम दारात उभ्या राहिल्या. "नमुने घेतले ना सकाळी? मंग जा घरी."

"अजून वाळवायचे आहेत, मॅडम."

"माती पळून नाही जाऊन राह्यली. पोरगी उद्या यवढी नसते."

मी गेले. संध्याकाळी मुलीला आईजवळ ठेवून परत आले आणि काम पुरं केलं. मुलीचं रांगणं मी पाहिलं ते त्या दुपारींत.

अण्णा पुढं दोन वर्षं होते. शेवटी घरीच, झोपेत गेले. त्यानंतर कामावर आलेल्या मॅडम सकाळचं सगळं नेहमीसारखं करून दुपारी माझ्याकडे आल्या. घरी जायची घाई नव्हती. बराच वेळ बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "दुपार लय मोठी असते वं. मले माहीतच नव्हतं." मी चहा ठेवला. पुढं त्या दुपारी आसपासच्या कॉलेजातल्या मुली येऊन बसू लागल्या, हिवरा आश्रमाकडची एक, संग्रामपूरची एक, धाडच्या दोघी. कुणाला माशीवर काम करायचं होतं, कुणाला नुसतं बोलायचं होतं. दुपार पुन्हा लहान झाली.

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ संध्याकाळी होता, त्याला त्या आल्या आणि भाषणं चालू असताना छान झोपल्या. वैद्य सरांनी आपलं भाषण हळू आवाजात केलं.

परवा मी बुलडाण्यात बाजाराच्या चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते. भर सकाळची गर्दी, दोन्ही बाजूंनी गाड्या. आणि चौकाच्या मधोमध एक लहान मोटार बंद पडलेली, पुढं लाल अक्षराची पाटी, शिकाऊ चालकाची. मागून एसटी, ट्रॅक्टर, दुचाक्या, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. शेजारच्या सीटवरचा शिकवणारा तरुण घामाघूम होऊन मागच्यांना हात जोडत होता. चालवणाऱ्या बाईंनी पाण्याची बाटली उघडली, सावकाश दोन घोट प्याल्या, झाकण लावलं, मग किल्ली फिरवली. गाडी धक्का देऊन पुढं सरकली आणि मला ती टोपी दिसली.

"मॅडम!" मी ओरडले.

त्यांनी बघितलं. चेहरा फुलला. आणि गावंडे मॅडमनी मला हात केला, दोन्ही हातांनी, गाडी चालू असताना.

"मॅडम, स्टेअरिंग, स्टेअरिंग!" तो तरुण किंचाळला.

"हाव बापा, हाय ना थे तिथंच, कुठं जाऊन राह्यलं?" म्हणत त्यांनी स्टेअरिंग धरलं आणि गाडी चिखली रस्त्याला वळवली. थोडी मोठी वळली, फुटपाथला चाटून गेली, पण वळली.